कायोटीसाठी ट्रॅपर बोलवावा का? मला तुमची मतं हवी आहेत

सांजवात

आम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात, पूर्वेकडच्या टेकड्यांना लागून राहतो. गेल्या मंगळवारी संध्याकाळी सासूबाई (फेब्रुवारीत साताऱ्याहून आल्यात) आणि मी लाडूला घेऊन मागच्या ट्रेलवर गेलो होतो. लाडू म्हणजे आमचं साडेचार किलोचं मॉल्टीज. वळणावर आई थबकल्या आणि म्हणाल्या, "अगं, कुणाचं तरी कुत्रं सुटलंय बघ."

कुत्रं नव्हतं, कायोटी होता, म्हणजे लांडग्याच्या जातकुळीतलं इथलं रानटी जनावर. पंधरा-वीस पावलांवर, वाळलेल्या गवताच्याच रंगाचा. काटकुळे पाय, खाली सोडलेली शेपूट, पिवळे डोळे. भुंकला नाही की गुरगुरला नाही, नुसता बघत उभा होता. मी लाडूला उचललं. आम्ही चाललो की तोही चालायचा, थांबलो की थांबायचा. असं थेट आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत. घरात शिरल्यावर माझे गुडघे लटपटायला लागले.

आता आमच्या एचओएत (घरमालकांची सोसायटी) अर्ज फिरतोय: परवानाधारक ट्रॅपर, म्हणजे सापळे लावून जनावरं पकडणारा, बोलावून बंदोबस्त करा म्हणून. गुरुवारी मतदान आहे आणि मी सही करणार आहे. इथल्याच मोरागा-लाफायेत गावांत २०२०-२१मध्ये एकाच कायोटीने पाच जणांना चावे घेतले होते, डीएनएवरून तो एकच असल्याचं सिद्ध झालं. २०२४च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये दुसरा एक पाच वर्षांच्या मुलीला चावला. आणखी कशाची वाट बघायची? वेगळं मत असलेल्यांनी जरूर लिहावं, फक्त "निसर्गावर प्रेम करा" छापाचं नको.

कृष्णाकाठ

सांजवातताई, सही करू नका.

मे महिना चालू आहे. जानेवारी ते मार्च त्यांचा जोडीचा काळ, साधारण दोन महिन्यांनी पिल्लं. म्हणजे आत्ता बिळात पिल्लं असणार आणि ते बीळ तुमच्या ट्रेलजवळच असणार. अशा वेळी नर किंवा मादी कुत्रेवाल्यांच्या मागे मागे चालत येते आणि हद्दीबाहेर गेलात की परत फिरते. इथले लोक याला 'एस्कॉर्ट' करणं म्हणतात. तुम्हाला पाहुण्यांसारखं वेशीपर्यंत पोहोचवलं, एवढंच. तुमच्यापेक्षा त्याचा डोळा लाडूवर होता, कारण कुत्रा हा त्याच्या लेखी हद्दीत घुसलेला भाऊबंद.

लाडूला उचललंत आणि पळाला नाहीत, हे उत्तम केलंत. पुढच्या वेळी हात वर करून मोठे व्हा, खच्चून ओरडा, त्याच्या आजूबाजूला माती-काटक्या फेका, आणि त्याच्याकडे तोंड ठेवूनच मागे सरका. ऑगस्टपर्यंत संध्याकाळी दुसरा रस्ता धरा.

पोपटराव_डॅलसकर

व्वा, कृष्णाकाठ! पाहुण्यांसारखं पोहोचवलं म्हणे. बिबट्यालाही उद्या हळदीकुंकवाला बोलवा.

आमच्या डॅलसमध्ये २०२२च्या मे महिन्यात दोन वर्षांचं पोर स्वतःच्या घराच्या पुढच्या पोर्चवर बसलं होतं, दिवसाउजेडी. कायोटी आला आणि त्याने हल्ला केला. ट्रेल नाही, बीळ नाही, कुत्रा नाही, पोर्च! पोराच्या बापाने काय करायचं होतं, हात वर करून मोठं व्हायचं?

आमच्या गावाकडे लांडग्याने शेळी नेली की धनगर रात्रभर जागतो. त्याला कुणी लेखी सल्ला देत नाही. सल्ले सगळे काचेच्या घरात बसलेल्यांचे. ताई, सही करा.

अनुस्वार

अवांतर, पण राहवत नाही. बऱ्याच मराठी घरांत याला सरसकट 'कोल्हा' म्हणतात. आपला कोल्हा वेगळा, खोकड त्याहून वेगळं. कायोटी हा लांडग्याचा धाकटा चुलतभाऊ. लांडगे मारून संपवल्यावर याने पश्चिमेकडून पसरत पसरत पूर्व किनारा गाठला. आज हवाई सोडलं तर अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात आहे.

पण 'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण त्याला शंभर टक्के लागू आहे. शिकागोत स्टॅनली गेर्ट या कायोटी-अभ्यासकाच्या गटाने कायोटींच्या चौदाशेहून जास्त विष्ठेचे नमुने तपासले. बेचाळीस टक्क्यांत उंदीर-घुशींसारखे बारके प्राणी आणि तेवीस टक्क्यांत चक्क फळं. मांजर दीड टक्क्याच्याही आत.

पोपटराव_डॅलसकर

अनुस्वार, सोयीचे आकडे दिलेत. लॉस एंजेलिसचे पण द्या की. तिथे भर शहरातल्या नमुन्यांपैकी जवळजवळ वीस टक्क्यांत मांजर सापडलं होतं. शिकागोतला काकडी खातो आणि एलएतला मनी खातो, तर आमच्या गल्लीतला काय खाणार ते आधीच कोण सांगणार?

माऊची_आई

मी सांगते. आमची सोनी गेल्या ऑक्टोबरात गेली. रात्री साडेदहाला तिला बाहेर सोडणारी मीच. सकाळी शेजारच्या कॅमेऱ्यात दिसलं, सगळं मिळून चार सेकंदांचं. फळांचे टक्के मला नका सांगू.

चूक माझी होती हे मला माहीत आहे. तरी माझ्यापुढे असा अर्ज आला तर मी सही करीन, आणि मला त्याची लाज वाटणार नाही.

सांजवात

माऊची_आई, वाचून कसंतरी झालं.

कृष्णाकाठ, बीळ असेल हे मान्य. पण मग मधला मार्ग नाही का? मारायचं कशाला, पकडून लांब डोंगरात नेऊन सोडता येईल ना? एचओएतल्या निम्म्या लोकांना ट्रॅपर म्हणजे तेच वाटतंय.

कृष्णाकाठ

तिथेच तर ग्यानबाची मेख आहे. कॅलिफोर्नियात पकडलेला कायोटी ट्रॅपरला दुसरीकडे नेऊन सोडता येत नाही. एकतर जागच्या जागी सोडायचा, नाहीतर तिथेच मारायचा. तुमची एचओए पैसे मोजून त्याला सोडायला तर सांगणार नाही. म्हणजे तुमच्या सहीचा अर्थ एकच: फास लावायचा आणि जो अडकेल त्याला मारायचं. मंगळवारचाच अडकेल याचीही खात्री नाही. गोल्डन गेट पार्कात त्या मुलीच्या प्रकरणानंतर तीन मारले, चावलेला त्यातला एक.

आणि लांब सोडण्याचा प्रयोग आपल्याकडे झालाय. जुन्नर भागात २००१नंतर बिबटे पकडून इकडून तिकडे सोडले, तर माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांचं त्यावर काम आहे. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर जास्त अडचणीचं.

शिवाय एक हद्द रिकामी केली की शेजारचं तरणं जोडपं ती धरतं. इथलं सरकारी वन्यजीव खातं अमेरिकाभरात वर्षाला साठ हजारांच्या आसपास कायोटी मारतं, आणि तेही कित्येक वर्षं. संपले का?

पोपटराव_डॅलसकर

डासही संपत नाहीत म्हणून कुणी मच्छरदाणी जाळत नाही.

घाटमाथा

मूळचा जुन्नरकडचा, आता व्हँकूवरला. दोन्ही बाजूंनी बोलू शकतो, कारण दोन्ही बघितलंय.

आमच्याकडे स्टॅन्ली पार्क आहे. भर शहरातलं चारशे हेक्टरचं जंगल. वर्षानुवर्षं तिथे कायोटी होते आणि कुणाला पत्ता नव्हता. डिसेंबर २०२० ते ऑगस्ट २०२१ या काळात त्याच पार्कात पंचेचाळीस जणांना चावे किंवा ओरखडे. पहाटे पळायला जाणारे आम्ही तिघे हातात काठ्या घेऊन पळायचो, विटीदांडू खेळायला निघाल्यासारखे. शेवटी सप्टेंबरात संध्याकाळपासून सकाळपर्यंत पार्क बंद ठेवलं. एकूण अकरा कायोटी मारले, तेव्हा ते थांबलं.

तर पोपटराव, तुमचं हे खरं: एकदा चावायला लागलेल्या जनावराला समजावता येत नाही, त्याला मारावंच लागतं. याबाबतीत मी कृष्णाकाठांच्या बाजूने नाही.

पण ते बिघडले कसे? करोनात पार्कात येऊन लोक त्यांना खायला घालत होते. हॉट डॉग, मांसाचे तुकडे. कुणी फोटोसाठी, कुणी दयेपोटी. त्यांनी माणसाकडे बघितलं की त्यांना ताट दिसायला लागलं, आणि ज्याने काही दिलं नाही त्याची पोटरी धरली. पोपटराव, तुमच्या डॅलसच्या प्रकरणातही हेच निघालं होतं. गल्लीतले लोक त्या कायोटीला खाऊ घालत होते, काहींनी हाताने थोपटलंसुद्धा होतं. ते तुम्ही लिहायचं विसरलात.

ताई, सही राहू द्या बाजूला. आधी शोधा, तुमच्या गल्लीत कोण खायला घालतंय?

पोपटराव_डॅलसकर

विसरलो नाही. त्याने मुद्दा बदलत नाही म्हणून लिहिलं नाही. खाऊ घालणारा शेजारी आणि चावा पोराला. शेजाऱ्याला फास लावता येत नाही.

आणि ते "आजवर फक्त दोनच मृत्यू" घेऊन कुणी येण्याआधीच सांगतो. हो, नोंद दोनचीच आहे: १९८१मध्ये कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेलला तीन वर्षांची मुलगी, आणि २००९मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात ट्रेलवर चालणारी एकोणीस वर्षांची गायिका टेलर मिचेल. ती मोठी होती, धडधाकट होती आणि एकटी होती. तेव्हा "लहान मुलं सांभाळा म्हणजे झालं" हेही पूर्ण खरं नाही.

अनुस्वार

पोपटराव, नोव्हा स्कोशियाच्या त्या कायोटींना त्या भागात बारकं भक्ष्य मिळेना म्हणून ते मूससारख्या (हरणाच्या कुळातलं धिप्पाड जनावर) मोठ्या जनावरांवर जगत होते, असं नंतरच्या अभ्यासात पुढे आलं. घाटमाथा सांगताहेत त्याच्या बरोबर उलटं प्रकरण. तिथे खायला घालणारं कुणी नव्हतं.

म्हणजे हे उदाहरण तुमच्याही कामाचं नाही आणि आमच्याही.

सांजवात

कसं लिहू कळत नाहीये, पण लिहिते.

घाटमाथांचं वाचून काल गल्लीत चौकशी केली. कुणी कबूल होईना. एका काकूंकडे अंजीर खाली पडून सडलेत, एकाकडे बर्ड फीडर आहे, त्याखाली उंदीर. एवढंच. रात्री जेवताना आईंना गमतीत म्हटलं, "कोण त्याला जेवायला घालतंय देव जाणे." आई शांतपणे म्हणाल्या, "त्याला म्हणजे कुणाला? मी त्या कुत्र्याला घालते."

आमच्या बॅकयार्डच्या शेवटी कमरेएवढी दगडी भिंत आहे, पलीकडे टेकडी. आई आल्यापासून रोज सकाळी पूजेनंतर तिथे पोळीचे तुकडे ठेवतात. साताऱ्यालाही ठेवायच्या, चिमण्या-कावळ्यांना. इथे कावळे आले आणि मग "ते कुत्रं" यायला लागलं. मग पोळीवर तूप, मग आदल्या दिवशीचा भात. तीन महिने! मी ऑफिसच्या कॉलवर, मला पत्ताच नाही.

"आई, मंगळवारी ट्रेलवर तुम्ही ओळखलं नाहीत का त्याला?"

"ओळखलं की. म्हणून तर म्हटलं, कुणाचं तरी कुत्रं सुटलंय. गरीब आहे गं. शेपटी हलवत नाही एवढंच."

तो लाडूच्या मागे आला नव्हता आणि बिळाच्या राखणीलाही नाही. तो आईंच्या मागे आला होता.

पोपटराव_डॅलसकर

ताई, रागावू नका, पण आता तर सही कराच. आधी तो नुसता रानटी होता, आता तो तुमच्या घरी जेवायला येणारा आहे. परवा आजी भिंतीपाशी रिकाम्या हाताने गेल्या तर? आजींचं वय काय?

सांजवात

बहात्तर.

घाटमाथा

पोपटरावांचा हा मुद्दा मला खोडता येत नाही. तरीही एक फरक आहे. स्टॅन्ली पार्कातले चावत होते. हा अजून चावलेला नाही, अंगावर आलेला नाही, हातातलं ओढलेलं नाही. त्या पायरीच्या आधी घडी परत बसवता येते, पण पूर्ण गल्लीने मिळून. एकाने हाकलायचं आणि दुसऱ्याकडे अंजीर पडलेले, असं चालत नाही.

कृष्णाकाठ

एस्कॉर्टबद्दल मी चुकलो, मान्य. तीन महिन्यांची सवय मोडायला तेवढाच वेळ लागू शकतो, हेही मान्य.

पत्र्याच्या डब्यात नाणी भरा, नाहीतर एअर हॉर्न आणा. भिंतीपाशी दिसला की लगेच, दर वेळी, तो नजरेआड जाईपर्यंत. तो थोडा मागे सरकून बसला आणि तुम्ही आत गेलात, तर तो एवढंच शिकतो की थोडा वेळ बसायचं. आणि शक्यतो आजींनीच वाजवू दे, लांबून, कुणीतरी सोबत असताना. जेवण ज्या हाताचं, हाकलणंही त्याच हाताचं.

माऊची_आई

आणि उंदरांना विष घालू नका. ते मेलेले उंदीर घुबडं खातात, कायोटीही खातात. अर्जावर सही करीन म्हणाले म्हणजे ते विषाने झिजून मरावेत असं नाही.

सांजवात

आईंना समजवायला दोन दिवस लागले. "मुक्या जिवाला दारातून हाकलायचं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी ह्यांनी सांगितलं की लोक फास लावून त्याला मारणार आहेत, तेव्हा उठल्या आणि स्वतःच कॉफीचा रिकामा डबा शोधला.

आज सकाळी सात वाजता ह्यांना शेजारी उभं करून डेकवर उभ्या राहिल्या, डब्यात पाच-सहा डॉलरचे क्वार्टर. तो बरोबर वेळेवर भिंतीवर आला. उजेडात पहिल्यांदाच नीट बघितला मी त्याला, कानाची एक कड फाटलेली आहे. आईंनी डबा खडखडवला. तो दचकून खाली उतरला, दहा पावलं गेला आणि गवतात बसला.

आई म्हणाल्या, "वाट बघतोय गं."

मी म्हटलं, थांबू नका, वाजवा. त्यांनी वाजवला. मग आणखी वाजवला, जोरात, आणि मराठीतून चार शिव्या हासडल्या, ज्या मी त्यांच्या तोंडून लग्नानंतरच्या अकरा वर्षांत ऐकल्या नव्हत्या. तेव्हा कुठे तो टेकडीवर चढून पलीकडे उतरला.

मतदान गुरुवारी आहे. अर्ज अजून फ्रिजवर चुंबकाखाली आहे, सही केलेली नाही.

पोपटराव_डॅलसकर

गुरुवारपर्यंत लाडूला एकटं बाहेर सोडू नका. आणि शिव्या कोणत्या ते कळवा.