मदत हवी आहे: मोठ्या मुलासकट बहिणीच्या राहण्याची सोय (ठाणे / नवी मुंबई)

माझी मावसबहीण कळव्याचं घर सोडून सध्या माझ्याकडे घणसोलीत आहे. सोबत १३ वर्षांचा मुलगा आणि धाकटी मुलगी. मारहाण जुनीच, या वेळी मुलगा मध्ये पडला आणि त्यालाही मार बसला, म्हणून ती निघाली.

इथे फार दिवस ठेवणं धोक्याचं आहे. नवऱ्याला माझा पत्ता माहीत आहे, परवा रात्री खाली गेटपाशी येऊन उभा होता.

१८१ या महिला हेल्पलाइनवरून सखी केंद्राचं (अडचणीतल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) कळलं, पण तिथला मुक्काम साधारण पाच दिवसांचा. एका निवारागृहात गेलो तर म्हणाले, आधी पोलीस तक्रार घेऊन या, आणि मुलगा मोठा आहे, त्याची सोय बालगृहात करा. तो शेजारीच उभा राहून ऐकत होता. तेव्हापासून आईला सांगतोय, "मी गावी आजीकडे जातो, तू आणि छोटी जा तिकडे." तिला ते मान्य नाही, मलाही नाही. ज्याने आईसाठी मार खाल्ला त्यालाच तिच्यापासून का तोडायचं?

भाड्याची खोली बघितली. एजंटचा पहिला प्रश्न, मिस्टर काय करतात? मग मालक "फॅमिलीलाच देतो" म्हणतात. डिपॉझिटचे पैसेही नाहीत, तिचं एटीएम कार्ड नवऱ्याकडे आहे. कळव्याचा फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर.

तक्रारीशिवाय निवारा नाकारता येतो का? तिघांना एकत्र राहता येईल असा काही मार्ग आहे का? आणि मुलाची सातवी मध्येच सुटली आहे, त्याचं काय? "थोडं सांभाळून घ्या" हा सल्ला कृपया नको.

---

ताई, अशा केसेसमध्ये मी बायकांसोबत कोर्टात जाते, त्यावरून सांगते.

तक्रारीची अट चूक आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ आणि त्याचे २००६ चे नियम बघा: आधी अहवाल (घरातल्या हिंसेच्या घटनेची अधिकृत नोंद) नोंदवला नाही म्हणून निवारा नाकारता येत नाही. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ती तिथे असल्याचं नवऱ्याला कळवू नका, असंही त्यात लिहा. ते त्यांच्यावर बंधनकारक आहे. मुलाच्या वयाची अडचण मात्र खरी आहे, म्हणून सगळा भरवसा निवाऱ्यावर ठेवू नका.

खरा मार्ग याच कायद्याच्या कलम १९ चा. कोर्ट नवऱ्याला घराबाहेर राहायला सांगू शकतं, किंवा तिच्यासाठी तशाच दर्जाचं दुसरं घर किंवा त्याचं भाडं द्यायला लावू शकतं. फ्लॅट सासऱ्यांचा म्हणून तिचा राहण्याचा हक्क आपोआप जात नाही, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलंय. अंतरिम आदेश (निकालाआधीचा तात्पुरता आदेश) मागा, खर्चाची रक्कमही त्यातच मागा. ती आत्ता घणसोलीत राहते, तेव्हा अर्ज इथल्याच कोर्टात चालतो. कळव्याच्या हद्दीत जायची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडून (हेल्पलाइन १५१००) वकील मोफत मिळतो, बायकांना उत्पन्नाची अट नाही. संरक्षण अधिकाऱ्यांनाही (या कायद्याखाली मदतीसाठी नेमलेले अधिकारी) आजच भेटा.

सातवीचं म्हणाल तर सरकारी किंवा अनुदानित शाळेत आठवीपर्यंत दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

तो पुन्हा गेटपाशी दिसला तर ११२ लावा, तारीख-वेळ लिहून ठेवा. कागद किंवा दागिने आणायला तिला एकटीला कळव्याला पाठवू नका. स्त्रीधन परत मिळावं आणि पोलिसांची मदत मिळावी, हेही त्याच अर्जात मागता येतं.