इंग्रजी गोष्ट वाचून दाखवताना प्रत्येक वाक्याचे मराठी सांगावे का?

प्रश्न: शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, इयत्ता दुसरी

नमस्कार. माझ्या वर्गातील मुलांच्या घरी किंवा गावात इंग्रजी बोलणारे कोणी नाही. दुकानांच्या पाट्या आणि मोबाइलवरची गाणी एवढाच त्यांचा या भाषेशी संबंध येतो. त्यामुळे पाठ्यपुस्तकाच्या जोडीला मी वर्गात सचित्र इंग्रजी गोष्टी मोठ्याने वाचून दाखवते. एक वाक्य वाचायचे, लगेच त्याचे मराठी सांगायचे आणि मग पुढच्या वाक्याकडे वळायचे, अशी माझी पद्धत आहे. मुले गोष्टीत रमतात, पुढे काय झाले ते विचारतात. मात्र इंग्रजी वाक्य चालू असताना त्यांची नजर इकडेतिकडे असते आणि मराठी सुरू झाले की सगळी सावरून बसतात, असे अलीकडे माझ्या लक्षात येत आहे. गोष्ट संपल्यावर इंग्रजी शब्द कोणाच्याच तोंडी राहत नाहीत. मराठी पूर्ण बंद केले तर मुले इंग्रजीची धास्ती घेतील, असे माझ्या सहकाऱ्यांना वाटते आणि मलाही ती काळजी आहे. अशा वेळी नेमके काय करावे?

उत्तर 1: प्राथमिक शिक्षक, सातारा जिल्हा

मॅडम, मुलांचे हे वागणे स्वाभाविक आहे. अर्थ पुढच्याच क्षणी मराठीत मिळणार हे ठाऊक असेल, तर अनोळखी आवाजांतून तो शोधण्याचे कष्ट कोणतेही मूल घेणार नाही. म्हणून वाक्यागणिक भाषांतर थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण मराठीला वर्गाबाहेर काढू नये, फक्त तिची जागा बदलावी.

मी गोष्ट आधी पूर्णपणे मराठीत सांगतो, चित्रे दाखवत आणि मुलांशी गप्पा मारत. समजा, कोंबडीचे अंडे हरवले आहे. ती टोपलीखाली पाहते, चुलीमागे पाहते, गवताच्या गंजीवर चढून पाहते. हे सगळे मुलांना माहीत झाले की दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट सलग इंग्रजीत वाचायची: ‘व्हेअर इज माय एग? इज इट अंडर द बास्केट? नो, नो, नो!’ ‘अंडर’ म्हणताना बोट टोपलीच्या खाली न्यायचे, ‘बिहाइंड’ म्हणताना चुलीच्या मागे. गोष्टीचा अर्थ आधीच हाती असल्याने मुलांचे लक्ष आता शब्दांच्या आवाजाकडे जाते. पुढच्या वाचनात ‘नो, नो, नो’ मुलेच म्हणू लागतात, आणि त्यानंतर ‘इज इट अंडर द…’ येथे आपण थांबलो की उरलेला शब्द ती पुरवतात. एकच गोष्ट आठवडाभर वाचायला संकोच करू नका. कंटाळा आपल्याला येतो. सहा-सात वर्षांच्या मुलांना ओळखीची गोष्ट पुन्हा ऐकण्यात खरोखर आनंद असतो.

या पद्धतीला चांगला आधारही आहे. वॉरिक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई या संशोधकांनी फिजीतील ग्रामीण शाळांत केलेला अभ्यास 1983 साली प्रसिद्ध झाला. तेथील मुलांची घरची भाषा फिजियन किंवा हिंदी होती आणि इंग्रजी त्यांच्यासाठी दुसरी भाषा होती. चौथी-पाचवीच्या वर्गांना सुमारे 250 सचित्र इंग्रजी पुस्तके देण्यात आली. काही वर्गांत शिक्षकांनी ती मुलांबरोबर मोठ्याने वाचली, तर काही वर्गांत मुलांनी ती स्वतः मनात वाचली. आठ महिन्यांनंतर वाचून आणि ऐकून समजण्यात या मुलांची प्रगती नेहमीच्या सुमारे दुप्पट वेगाने झाली होती. आपल्याकडे दुसरीच्या वर्गात 250 पुस्तके येणार नाहीत, हे उघड आहे. तरीही ज्या गावात इंग्रजी कानावर पडतच नाही, तेथे गोष्टीतून मिळणारी भाषा किती मोलाची असते, हे त्यावरून कळते.

एलींनीच पुढे 1989 मध्ये न्यूझीलंडमधील सात-आठ वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास मांडला. केवळ गोष्ट ऐकून मुलांच्या शब्दज्ञानात सुमारे 15 टक्के भर पडली. वाचताना शिक्षकाने अवघड शब्द चित्र दाखवून, अभिनय करून किंवा सोप्या शब्दांत उलगडले, तेव्हा ती सुमारे 40 टक्के झाली. त्यांपैकी बहुतेक मुलांची भाषाच इंग्रजी होती, त्यामुळे हे आकडे आपल्या वर्गाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी अर्थ उलगडून सांगणे आवश्यक आहे आणि त्यासाठी पूर्ण भाषांतराची गरज पडत नाही, हे मला त्यातून फार महत्त्वाचे वाटते.

गोष्टीची निवड मात्र जपून करावी. आपल्या शाळांत इंग्रजी गोष्ट म्हटले की तात्पर्य असलेल्या नीतिकथा पुढे येतात. त्यांतील वाक्ये लांब, भूतकाळी आणि निवेदनाने भरलेली असतात, आणि चित्र एखादेच असते. त्यापेक्षा प्रत्येक पानावर एक-दोन वाक्ये, तेच ते पालुपद आणि वाक्याचा अर्थ दाखवणारे चित्र असलेली गोष्ट कितीतरी उपयोगी ठरते.

उत्तर 2: शिक्षिका, धारणी तालुका, मेळघाट

वरील सरांचे म्हणणे मला पटते, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. आमच्या वर्गातील बहुतेक मुले घरी कोरकू बोलतात. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असल्याने मराठीशी तिचे नाते नाही, आणि पहिली-दुसरीत या मुलांना मराठीच शिकावी लागत असते. येथे ‘आधी मराठीत सांगा’ असे केले, तर एका अर्धवट कळणाऱ्या भाषेच्या आधाराने दुसरी न कळणारी भाषा शिकवल्यासारखे होते. आम्ही वरच्या वर्गातील मुलींना गोष्ट आधी समजावून देतो आणि त्या ती लहान मुलांना कोरकूत सांगतात. इंग्रजी वाचन त्यानंतर होते. ज्या शाळांत घरची भाषा भिली, गोंडी किंवा पावरी आहे, तेथील शिक्षकांनी याचा विचार अवश्य करावा, कारण मूल गप्प बसले की त्याला इंग्रजी जमत नाही असा समज फार लवकर करून घेतला जातो.

मुलांकडून इंग्रजीत उत्तर मिळालेच पाहिजे, अशी घाई सुरुवातीला करू नये, हेही मला सांगावेसे वाटते. ‘व्हेअर इज द हेन?’ असे विचारल्यावर मुलाने चित्रावर बोट ठेवले, तर त्याला प्रश्न कळला आहे, आणि तेवढे त्या टप्प्यावर पुरेसे आहे.

उत्तर 3: प्रश्नकर्त्या शिक्षिका

दोघांचेही मनापासून आभार. दोन शंका उरतात. माझे स्वतःचे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे आणि उच्चारांबाबत मला खात्री वाटत नाही. मग मी वाचण्याऐवजी मोबाइलवरील ध्वनिफीत ऐकवावी का? शिवाय, वर्गात पुस्तकाची एकच प्रत असते आणि मागे बसलेल्या मुलांना चित्र दिसत नाही.

उत्तर 4: इंग्रजी विषयाच्या तज्ज्ञ मार्गदर्शक, पुणे

ताई, वाचन तुम्हीच करावे, असे मी आग्रहाने सांगेन. ध्वनिफीत मुलांच्या चेहऱ्याकडे पाहून थांबत नाही. कोणते मूल हरवले, कोणत्या पानावर सगळी पुढे सरसावली, हे तिला कळत नाही, आणि या वयात गोष्टीतील निम्मा अर्थ शिक्षिकेच्या आवाजातून व हातवाऱ्यांतून पोहोचतो. ध्वनिफितीचा उपयोग स्वतःच्या तयारीसाठी करावा. आदल्या दिवशी ती ऐकून गोष्ट मोठ्याने वाचून पाहावी. मराठी भाषकांनी तीन ठिकाणी विशेष लक्ष द्यावे: ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतील ऱ्हस्व-दीर्घ स्वरांचा फरक बोलताना आपल्याकडून सुटतो, ‘वेट’ आणि ‘व्हेट’ यांचे आरंभीचे उच्चार एकसारखे होतात, आणि प्रत्येक शब्द सुटा, सारख्याच जोराने उच्चारण्याची आपल्याला सवय असते. यांतील तिसरी सवय मला अधिक अडचणीची वाटते. ‘अंडर-द-बास्केट’ हा तुकडा एका दमात, ‘बास्केट’वर जोर देऊन वाचला, तर मुले तो तुकडाच उचलतात.

एका प्रतीच्या अडचणीवर मोठ्या आकाराचे पुस्तक हा जुना आणि चांगला उपाय आहे. शिक्षणतज्ज्ञ डॉन होल्डवे यांनी न्यूझीलंडमध्ये 1970च्या दशकात अशा पुस्तकांभोवती सामूहिक वाचनाची पद्धत विकसित केली. कार्डशीटवर चित्रे मोठी काढून, खाली ठळक अक्षरांत एकेक वाक्य लिहून ते आपल्यालाही बनवता येते. शाळेत टीव्ही किंवा प्रोजेक्टर असेल, तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरील गोष्टी दाखवता येतात. तेथील अनेक गोष्टी मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहेत, त्या पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि मुक्त परवान्यामुळे त्यांची छपाई करायलाही हरकत नाही. पहिल्या उत्तरातील पद्धतीसाठी हा संग्रह फारच सोयीचा आहे.

उत्तर 5: शिक्षक, पाचवी ते सातवी, नाशिक जिल्हा

चर्चा उत्तम झाली आहे, पण वरच्या वर्गांना शिकवत असल्यामुळे एक मुद्दा नोंदवणे मला आवश्यक वाटते. गोष्टी ऐकून मुलांची समज, शब्दसंग्रह आणि वाक्यरचनेची जाण वाढते. अक्षर पाहून शब्द वाचण्याचे कौशल्य मात्र त्यातून आपोआप येत नाही. देवनागरीत बहुतेक शब्द जसे लिहिले तसेच वाचता येतात, त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगमधील अनियमितपणा आपल्या मुलांना खूपच जड जातो. पाठ झालेली गोष्ट घडाघडा म्हणणारे मूल प्रत्यक्षात शब्दांकडे पाहतही नसते, असे मी वारंवार पाहिले आहे. म्हणून अक्षर आणि ध्वनी यांच्या सरावासाठी रोज थोडा वेगळा वेळ ठेवावा आणि त्यासाठी गोष्टीतलेच ‘हेन’, ‘एग’, ‘नेस्ट’ असे सोपे शब्द घ्यावेत. पालकांना वहीत काहीतरी लिहिलेले पाहायचे असते. हे शब्द आणि चित्राखालचे एखादे वाक्य वहीत आले की त्यांचीही काळजी कमी होते. मात्र हा सराव गोष्टीच्या मध्येच घुसवू नये. ‘याचे स्पेलिंग सांगा’ असे भर गोष्टीत विचारले की अंड्याचे काय झाले, याची मुलांना उत्सुकताच राहत नाही.