परत परत वाचलेली ऐतिहासिक कादंबरी : तुमचे अनुभव सांगा

मंडळी, रविवारी नाशिक जिल्ह्यातल्या धोडप किल्ल्यावर जाऊन आलो. वडाळीभोईला हायवे सोडला की हट्टीपर्यंत तो डोंगर समोरून हलतच नाही, ती कातळाची लांब भिंत आणि मधेच दात पडल्यासारखी खाच. माचीवर बसून भाकरी-ठेचा खाताना एकदम डोक्यात आलं, अरे 1768 ला राघोबादादा इथंच होते की, आणि माधवराव फौज घेऊन आले ते याच मुलखात, एका बाजूला चुलता एका बाजूला पुतण्या, आणि शेवटी चुलत्याला धरून पुण्याला शनिवारवाड्यात नेऊन ठेवलं. घरी आलो, पाय धुतले आणि कपाटातनं 'स्वामी' काढली, रणजित देसाईंची माधवराव पेशव्यांवरची कादंबरी. चौथी वेळ. सकाळी फर्स्ट शिफ्ट होती तरी दीड वाजेपर्यंत वाचत होतो.

कॉलेजात पहिल्यांदा वाचली ती पुढं काय होतं या घाईत. आता सगळं माहितीये, 27 वर्षांचा माणूस, राजयक्ष्मा म्हणजे क्षय, थेऊर, 18 नोव्हेंबर 1772, आणि मागोमाग रमाबाई सती जाणार. तरी थेऊरची पानं जवळ आली की माझं वाचन आपोआप हळू होतं, म्हणजे मी सावकाश वाचलं तर तेवढेच दिवस त्यांना जास्त मिळतील असं काहीतरी वाटत राहतं. हे फक्त मलाच होतं का?

तर ज्यांनी एखादी ऐतिहासिक कादंबरी दोनपेक्षा जास्त वेळा वाचलीये त्यांनी लिहा. कुठं बसून वाचली, कुठल्या पानावर अडकता, काय गाळता, सगळं. पुस्तक चांगलं की वाईट ही चर्चा नको, ती खूप झालीये.

* * *

मी नाशिकजवळच्या गंगापूर गावातली, म्हणजे लग्न होऊन आलेली. 'स्वामी' पहिल्यांदा एकोणिसाव्या वर्षी वाचली तेव्हा मला फक्त माधवराव आणि रमा दिसत होते, बाकीची माणसं मधे मधे येतात म्हणून रागच यायचा. गोपिकाबाईंचा, म्हणजे माधवरावांच्या आईचा, तर फार. आता मुलगा पुण्याला नोकरीला आहे आणि गेल्या दिवाळीनंतर परत वाचायला घेतली तर माझं लक्ष सारखं त्या बाईकडेच. 1761 च्या जानेवारीत पानिपतावर थोरला मुलगा विश्वासराव गेला, त्याच वर्षी जूनमध्ये नवरा गेला, मग सोळाव्या वर्षी गादीवर बसलेल्या मुलाशी पटेना म्हणून पुणं सोडून ती इकडं आमच्या गंगापूरला येऊन राहिली. मग माधवराव गेले, वर्षही झालं नाही तर नारायणरावांचा खून. आणि ती स्वतः गेली 1788 ला. म्हणजे माधवरावांच्या मागं ही आई सोळा वर्षं जगली, गंगेच्या म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठी, मी जिथं रोज भाजी आणायला जाते त्या बाजूला कुठंतरी. तिची बाजू बरोबर होती असं मी म्हणत नाही. पण तिचं नाव आलं की मी आता पान उलटायच्या आधी थांबते. एकोणिसाव्या वर्षी हे मला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

* * *

आनंदवलीकर इथं. आमच्याकडं लहानपणापासून राघोबादादांचा वाडा इथं होता हे ऐकतच मोठं झालो, नवश्या गणपतीला गेलं की कुणीतरी सांगतंच. त्यामुळं असेल पण मी दरवेळी दादासाहेबांच्या बाजूनं वाचायला सुरू करतो, यावेळी तरी त्यांना समजून घेऊ म्हणून. धोडपपर्यंत जमतं. पुढं नाही जमत.

* * *

मी लढायांची पानं वाचत नाही. सांगून टाकते. 'स्वामी' सात वेळा वाचलीये आणि सातही वेळा छावणीतनं सरळ वाड्यात. मला देवघर, हिरकणी चौक, पागोटं उतरवून ठेवताना होणारं बोलणं हेच पाहिजे असतं.

* * *

निफाड तालुका, द्राक्षबाग. माझं पुस्तक 'राऊ'. बाजीराव-मस्तानीची गोष्ट सगळ्यांना माहितीच आहे पण मी ती वाचतो कधी ते सांगतो. ऑक्टोबर छाटणीनंतर लाईट रात्रीची असली की मोटर चालू करून शेडमध्ये बसावं लागतं, झोपलं आणि लाईट गेली किंवा लाईन फुटली तर सकाळपर्यंत कळत नाही. मग कपाळाला टॉर्च, अंगावर घोंगडी आणि पुस्तक. पुस्तकाला औषधाच्या खोक्याचा जाड पुठ्ठा लावलाय, त्यावर अजून निळे डाग आहेत बोर्डोचे, बागेवर फवारतो त्या औषधाचे. मोटरचा आवाज बदलला की कान उठतात, परत सुरळीत झाली की परत पानावर. असे तीन सीझन झाले.

एक गोष्ट लिहितोच. आमच्या बागेला पालखेडचा कॅनॉल. त्यामुळं शाळेत बाजीरावानं निजामाला पालखेडला हरवलं असं वाचलं तेव्हापासून मी छातीठोकपणे सांगायचो की ते आमचंच पालखेड, धरणावर पाहुणे नेऊन दाखवायचो. नंतर कळलं, ते पालखेड वेगळं, वैजापूर तालुक्यातलं. वाईट वाटलं खरं. पण मग नकाशा घेऊन बसलो आणि ती लढाई नीट वाचली, 28 फेब्रुवारी 1728, बाजीरावानं निजामाला पळवत पळवत असं नेलं की त्याच्या जड तोफा मागं राहिल्या आणि शेवटी अशा जागी कोंडला जिथं प्यायला पाणी नाही, रसद तोडलेली. मोठी कत्तल नाही काही नाही, पाणी तोडलं. द्राक्षाचे मणी फुगायच्या टायमाला आठ दिवस पाणी चुकलं तर काय होतं हे ज्याला माहितीये त्याला हा माणूस काय चीज होता ते बरोबर कळतं. त्यानंतर 'राऊ' वाचली तर ती प्रेमाची कादंबरी मला पहिल्यापेक्षा जास्त लागली, कारण एवढा मुलूख एका दमात ओलांडणारा माणूस स्वतःच्या घरच्या उंबऱ्याशी येऊन हरतो. शेवट नर्मदेकाठी रावेरखेडीला, 1740. तोही वैशाखातला उन्हाळा. यंदा खरड छाटणी उरकली की तिथं जायचंय, समाधीवर.

* * *

पंचवटीतनं लिहितोय, जरा लांबेल.

आमच्या वडलांकडं हरिभाऊ आपट्यांची 'उषःकाल' होती, जुनी, कापडी बांधणीची. ही कादंबरी मुळात 'करमणूक' साप्ताहिकात हप्त्याहप्त्यानं यायची, आणि वडील आम्हाला तशीच वाचून दाखवायचे, रात्री जेवणं झाली की एकच प्रकरण, कितीही रडलो तरी दुसरं नाही. भाषा अवघड होती पण ते वाचताना आवाज बदलायचे, किल्लेदाराचा जाडा, वेषांतर केलेल्या माणसाचा दबका, त्यामुळं कळायचं सगळं. सकाळी शाळेत जाताना आम्ही भावंडं आता पुढं काय होणार यावर भांडायचो.

2008 च्या पुरात आमच्या खालच्या खोलीत पाणी शिरलं. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं हे बघायला सगळा गाव उभा होता आणि आम्ही इकडं गाद्या वर नेत होतो, पुस्तकांची पेटी राहिली. दोन दिवसांनी उघडली तर 'उषःकाल' विटेसारखी जड झालेली. बायकोनं आणि मी दर चार पानांत वर्तमानपत्राचा कागद घातला, पंख्याखाली ठेवली, दिवसातनं तीनदा कागद बदलले. पंधरा दिवस लागले. आता पुस्तक बंदच होत नाही नीट, पानं पापडासारखी झालीत आणि प्रत्येक पानावर खालून दोन बोटं वर मातकट रेघ आहे, सगळीकडं त्याच उंचीवर. नवी प्रत मुलीनं आणून दिली, स्वच्छ छपाई आहे, पण मी वाचायला घेतो ती जुनीच. त्या रेघेखालच्या दोन-तीन ओळी पुसट झाल्यात, तिथं आलो की मला त्या वडलांच्या आवाजात पाठ येतात.

* * *

मी सगळ्यात लहान असेन इथं, बारावी झाली आत्ता. मला स्वतःहून कधीच वाचावंसं वाटलं नव्हतं. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं मागच्या आठवड्यात, डॉक्टरांनी थोडे दिवस पुस्तक हातात धरायचं नाही सांगितलंय म्हणून मी तिला 'स्वामी' वाचून दाखवतेय. तिची कितवी वेळ आहे तिलाच माहीत नाही. मी भराभर वाचलं की ती म्हणते, बाई गं, रामशास्त्री असे घाईत बोलत नाहीत, मागचं परत घे. मग मी परत घेते. मधे मधे ती पुढचं वाक्य माझ्या आधीच म्हणते आणि बरोबर निघतं. थेंब घालायची वेळ झाली तरी थांब म्हणते, एवढं होऊ दे.

काल हा धागा तिला वाचून दाखवला. थेऊरचं ऐकून ती बराच वेळ गप्प बसली आणि मग मला विचारलं, आपलं किती राहिलंय? मी पानं मोजली, एकशे वीस. म्हणाली रोज दहाच वाच आता.