अनुभव धागा: रोज शंभर-दोनशे माणसांना जेवू घालताना

मंडळी, परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास आमचा छोटा गट दुपारचं जेवण देतो. पदपथावर राहणारे रुग्ण आणि नातेवाईक बरेचसे बिहार, बंगालकडचे. बंगालच्या बायका पोळी हातात घेतात आणि भाताची वाट बघतात. केमो चालू असलेल्याच्या तोंडात फोड येतात; तिखट सोडाच, पोळीचा कडक काठही टोचतो. त्यामुळे एका पातेल्यात मुगाची आसट खिचडी, बिनमिरचीची. देणगीदारांना मात्र खिचडी पटत नाही. त्यांना शिरा-पुरी वाटायची असते, मुलाच्या वाढदिवसाला, वर फोटो. पितृपक्षात इतकं अन्न येतं की नाही म्हणावं लागतं. सर्वपित्री सरली की दाते नवरात्राच्या उपवासाला बसतात आणि तांदळाचं पोतं आम्ही वर्गणी काढून आणतो. देणाऱ्याची हौस आणि जेवणाऱ्याची गरज तुम्ही कशी जुळवता? सविस्तर लिहा.

बचत गटवाली, विदर्भ

आमच्या गटाकडे शिवभोजन केंद्र होतं. योजना २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. दोन पोळ्या, वाटीभर भाजी, वरण, मूदभर भात, सगळं १० रुपयांत. वरचे पैसे सरकारचे, ग्रामीण भागात थाळीमागे २५ आणि शहरात ४०. करोनात काही काळ थाळी मोफत झाली. त्याआधी दहाची नोट ठेवणारे आमचे हमाल, रिक्षावाले हक्कानं बोलायचे, "ताई, आज वरणात मीठ कमी पडलं." मोफत झाल्यावर तीच माणसं खाली मान घालून जेवायची. भाजी करपलेली असली तरी एक अक्षर नाही! चव कशी झाली हे कळेना, म्हणून मी आधी स्वतःचं ताट वाढून घ्यायला लागले. दादा, तुमच्याकडे कोणी तक्रार करतं का? करत नसेल तर जरा बघा.

पुणेकर

२०२० च्या टाळेबंदीत आम्ही बांधकाम मजुरांच्या वस्तीवर खिचडीची पाकिटं न्यायचो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका बाईनं सरळ सांगितलं, "चूल्हा है हमारे पास. आटा दो, तेल दो." खरंच होतं. मग पीठ, तूरडाळ, तेल, मीठ, हळद-तिखट, साबण असं किट सुरू केलं. शिजवलेलं फक्त एकट्या राहणाऱ्या पोरांना. हाताला उरलेला वेळ रेशनकार्डांच्या भानगडीत गेला, त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

साउथॉल, लंडन

ताई, थोडी असहमत. इथल्या गुरुद्वारात मी रविवारी लंगरच्या सेवेला जाते. पैसे कोणी मागत नाही, तरी मान खाली घालून जेवणारा मला दिसलेला नाही. डोकं झाकायचं, परशादा, म्हणजे लंगरची पोळी, दोन्ही हातांनी घ्यायचा, जमिनीवर रांगेत बसायचं. महिनाअखेरीला आपल्याकडचे विद्यार्थी येतात, बेघर येतात, आणि ज्यानं त्या दिवसाचा खर्च दिला तोही त्याच पंगतीत असतो. परळच्या दात्यांना खिचडी जेवायला बसवून बघा. फोटोची मागणी आपोआप कमी होईल.

आचारी

लग्नाची कामं सांभाळून दोन ठिकाणी अन्नदानाचं करतो. भावनांचं तुमचं चालू द्या, माझं पातेल्यापुरतं. मे महिन्यात वाटाणा, बटाटा, ओलं खोबरं बंद. उकळता भात घट्ट झाकण लावून टेम्पोत ठेवला की आत पाणी सुटतं आणि भात लवकर आंबतो. आधी परातीत पसरून वाफ जाऊ द्या, पण मग तासाभरात वाढून संपवा. घरोघरी जमा केलेल्या पोळ्या घेऊ नका, कुठली सकाळची आणि कुठली रात्रीची कळत नाही. आणि धर्मादाय म्हणून नोंदणी नको असं समजू नका. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात अन्नव्यवसाय नफ्यासाठी असो वा नसो, दोन्ही धरलेत. परळवाले, तुमची खिचडी किती वाजता उतरते आणि शेवटचं ताट किती वाजता जातं, ते आधी सांगा.