जुनी गाडी विकताना आलेले पैशांचे अनुभव

पारिजात:
काल मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. भाऊजींनी वॅगन आर विकायला काढलीय. जाहिरात टाकून तास होत नाही तोच एका 'फौजी'चा फोन. गाडी न बघताच पसंत, घासाघीस नाही, "मॅडम, ॲडव्हान्स भेजता हूँ, क्यूआर स्कॅन कर लो." ऐकलं आणि बाबांची सँट्रो विकतानाचा रविवार डोळ्यांपुढे आला. तेव्हाही फौजीच. ओळखपत्राचा फोटो, कँटीन कार्डाचा फोटो, गणवेशातला डीपी. आधी खरंच ५ रुपये खात्यात आले, बाबांचा विश्वास बसला. मग आला २०,००० चा कोड. बाबा चष्मा शोधत होते तेवढ्यात भावाने स्क्रीन बघितली, तर 'पे' लिहिलेलं आणि खाली पिन मागत होता. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही. पिन टाकला की जातात ते आपलेच. जाऊबाईंना हे सांगितलंय, पण त्या घाबरल्यात. तुमचे अनुभव लिहा, त्यांना वाचायला देते.

काळीमाती:
हो हो तोच फौजी!! आमच्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसाठी आलेला. चुलत भाऊ खरोखर लष्करात आहे, सुट्टीवर घरीच होता. त्याने फोन घेऊन युनिट विचारलं, लगेच कट. खऱ्या जवानांच्या नावावर हे धंदे, याचा फार संताप येतो.

ठाणेकर_काकू:
त्या कलेक्ट रिक्वेस्ट ऑक्टोबर २०२५ पासून बंद केल्या ना एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने? म्हणजे एका माणसाने दुसऱ्याकडे पैसे मागायच्या. क्यूआरचा प्रकार मात्र चालूच आहे. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

गोदाकाठ:
आमच्या काकांची स्विफ्ट. वेगळाच प्रकार, म्हणून सविस्तर लिहितो. एकाचा फोन आला, "गाडी मीच घेतोय, बघायला मेहुणा येईल. त्याच्याकडून माझं येणं आहे, तेव्हा किमतीचं त्याच्यापुढे काढू नका." काकांना त्यात वावगं वाटलं नाही. या पठ्ठ्याने आमचेच फोटो उचलून स्वतःची जाहिरात टाकलेली. आमची किंमत ४ लाख १०, त्याची २ लाख ८०. घेणाऱ्याला सांगितलेलं की गाडी भावाकडे लावलीय, भावाशी पैशांचं बोलू नका, मला पाठवा.
तो माणूस सिन्नरहून आला, फॅब्रिकेशनचं काम करणारा, सोबत ओळखीचा मेकॅनिक. गाडी आवडली. ओसरीवर बसून रक्कमही टाईप केली. काकूने चहा देताना सहज विचारलं, "मेहुण्यांकडे आधी कुठली गाडी होती हो?" तो म्हणाला, "कोण मेहुणे? तुम्ही त्यांच्या वहिनी ना?"
दोन मिनिटं कोणी बोललंच नाही. पैसे वाचले. त्याचं बजेट ४ लाखांचं नव्हतं, पण काकूने त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे किंमत समोरासमोरच बोलतात, आणि पैसे ज्याच्या नावावर गाडी होणार त्याच्याच खात्यातून घेतात.

दुपारची_लोकल:
बाप रे काकू!! त्या दादांना पुढे गाडी मिळाली का?

गोदाकाठ:
हो, ऑल्टो घेतली. दिवाळीत फोटो पाठवला.

बे_एरियाकर:
इथे अमेरिकेत कॅशियर्स चेकची, म्हणजे बँकेने स्वतःच्या नावाने काढलेल्या चेकची फसवणूक. बँकेचा चेक म्हणून लोक निर्धास्त असतात. पैसे एक-दोन दिवसांत खात्यात दिसतात, पण चेक खोटा निघाला तर बँक काही आठवड्यांनीसुद्धा ते काढून घेते. तोवर गाडी गेलेली. काही जण मुद्दाम जास्त रकमेचा चेक देतात आणि वरचे पैसे गाडी न्यायला येणाऱ्या ट्रकवाल्याला द्या म्हणतात. मी सिव्हिक विकताना घेणाऱ्याला त्याच्याच बँकेच्या शाखेत भेटले, चेक काउंटरवर माझ्यासमोर बनवून घेतला. कॅलिफोर्नियात गाडी विकल्याचं डीएमव्हीला (इथलं आरटीओ) ५ दिवसांत कळवावं लागतं, ते घरी यायच्या आधीच केलं.

सुपारीबाग:
आमच्याकडे एकाने पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवला, बाबांना मेसेजही आला. तो मेसेज बँकेकडून नाही, साध्या दहा आकडी नंबरवरून! खात्यात काही नाही. म्हणे सर्व्हर डाऊन आहे, चावी द्या. बाबा म्हणाले, सर्व्हर येईपर्यंत बसा, सोलकढी घ्या. सोलकढी न पिताच गेला 😄

ठाणेकर_काकू:
करंटा! आगळाची होती की कोकमाची?

वऱ्हाडी_वाटसरू:
पैसे आले म्हणजे काम झालं असं नाही हो. भावाची गाडी विकली, घेणाऱ्याने नाव बदललंच नाही, परभणीचं ई-चलान अजून भावाला. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार वि. विजय कुमार प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही घ्या, राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवा. फास्टॅग बंद करा, नाहीतर त्याचा टोल तुमच्या खात्यातून. रोख २ लाख किंवा जास्त घेऊच नका, इन्कम टॅक्सच्या कायद्यात तेवढाच दंड आहे. सरळ आरटीजीएस.

दुपारची_लोकल:
शेजारच्या ताईंचे गेले असेच. सोफा विकत होत्या. सासरी काय म्हणतील म्हणून गप्प राहिल्या, तोवर पैसे पुढच्या खात्यांत गेलेले. पारिजात, जाऊबाईंना सांगा, काही झालंच तर त्या मिनिटाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. लवकर कळवलं तर पैसे मधेच थांबवता येतात. त्या ताई अजून आम्हाला तोंड दाखवायला लाजतात. चोरी त्यांनी केली का? फार वाईट वाटतं.

काळीमाती:
त्यांना म्हणावं चहाला या सगळ्यांकडे.

सुपारीबाग:
@ठाणेकर_काकू आगळाची. घरचं आगळ, घरचा नारळ.

पारिजात:
सगळ्यांचे मनापासून आभार, जाऊबाई एकेक वाचतायत. फौजीला ब्लॉक केलं. रविवारी चिंचवडचं एक जोडपं प्रत्यक्ष बघायला येतंय. एक विचारायचं राहिलं, गाडीवरचं कर्ज फिटलंय पण आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे. ते नंतर उतरवलं तर चालेल का?

वऱ्हाडी_वाटसरू:
आधीच उतरवा. बँकेची एनओसी आणि बँकेचं नाव उतरवायचा फॉर्म ३५. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर होतो. चिंचवडवाल्यांना तसं आधीच सांगून ठेवा, तोवर टोकन म्हणून थोडे पैसे घ्या, चावी देऊ नका.