शुगरची गोळी चालू आहे, वजन उतरवायचंय. डॉक्टरांचा प्लॅन घ्यावा का?

मिरजकरीण
वय ४८, उंची पाच फूट एक इंच, वजन ७८. शुगरसाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी, शिवाय बीपीची एक. आमचे फिजिशियन म्हणतात, वजन उतरवा, पण माझ्या देखरेखीखाली. त्यांच्याकडच्या डाएटिशियनबरोबर सहा महिन्यांचा प्लॅन आहे. फी ऐकून ह्यांचा चेहरा पडला.

तेवढ्यात जाऊबाईंनी व्हॉट्सॲपवर तक्ता पाठवला: सकाळी दुधीचा रस, दुपारी एकदाच जेवण, रात्री नुसतं सूप. त्यांचं वजन त्यावर उतरलंय, मी डोळ्यांनी बघितलंय. मी बँकेत कॅश काउंटरला असते, डबा दोनला उघडेल की साडेतीनला, भरवसा नाही. फुकटचा तक्ता हातात असताना पैसे कशाला मोजायचे?

औषधवाला
जाऊबाई शुगरच्या गोळ्या घेतात का? नसतील घेत, तर तो तक्ता तुमच्या कामाचा नाही. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा फार खाली जात नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवलेल्या असा की उपाशी. सकाळी गोळी, डबा साडेतीनला, रात्री सूप म्हणजे नोटा मोजता मोजता घाम फुटून हातपाय थरथरायचे. साखर ७० च्या खाली दिसली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.

वजन उतरायला लागलं की बीपीची गोळीही कधीकधी जास्त होते, उठताना चक्कर येते. कुठली गोळी कधी आणि किती कमी करायची, हे बघायचे ते पैसे. खाण्याचा तक्ता काय, रिक्षावालाही देईल.

आणि दुधीचा रस कडू लागला तर तिथेच ओतून द्या. कडू दुधीने माणसं दगावलीत.

वरणभात
औषधवाल्यांना +१. मी असा प्लॅन केलाय. डॉक्टरांनी वजनकाट्याच्या आधी टेप काढली. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी, पुरुषांची ९०. आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ झाला की लठ्ठपणा धरतात. ताई, तुमचा साडेबत्तीसच्या आसपास येतोय. मग रक्ताच्या तपासण्या: तीन महिन्यांची सरासरी साखर, थायरॉइड, किडनीसाठी क्रिएटिनिन, लिव्हर. घोरते का, हा प्रश्न मात्र मला नाही, माझ्या नवऱ्याला विचारला, आणि त्याने अगदी साभिनय उत्तर दिलं.

डाएटिशियनने भाकरी तोडली नाही. दोनाची एक केली, उसळ आणि ताक वाढवलं, भात रविवारी. जेवायच्या वेळा माझ्या ड्युटीवर बसवल्या. सुरुवातीचं लक्ष्य पाच टक्के, म्हणजे तुमच्या हिशोबात चार किलो. मला ते हास्यास्पद वाटलं होतं, पण तेवढ्यानेही साखर आणि बीपीत फरक पडू शकतो.

रोखठोक
एवढा खटाटोप कशाला? वजन उतरवायचं इंजेक्शन, मौंजारो, मिळतंय की आता. आठवड्याला एक सुई.

औषधवाला
२०२५ पासून मिळतंय, पण चिठ्ठीशिवाय नाही. ग्लिमेपिराइडबरोबर घेतलं तर साखर घसरायचा धोका तिथेही आहेच. स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर होता का, हे आधी विचारावं लागतं. सुई वाईट नाही, पण कुणाला द्यायची ते डॉक्टरच ठरवणार.

मिरजकरीण
जाऊबाई फक्त थायरॉइडची गोळी घेतात, शुगर नाही. म्हणजे तक्ता बाद. शनिवारी डॉक्टरांकडे जाते आणि फीचं बोलायच्या आधी विचारते की मधल्या काळात साखर खाली गेली तर फोन कुणाला करायचा, त्यांना की रिसेप्शनला. घरी तपासायला मीटर कुठला घेऊ?

औषधवाला
ज्याच्या पट्ट्या तुमच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये बारा महिने मिळतात, तो. मीटर एकदाच घ्यायचा असतो, खर्च पट्ट्यांचा.