गोचिडीची लस आणि पुढच्या डोसच्या तारखा : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून

सी-५०३ : नमस्कार मंडळी. २० एप्रिलला आम्ही दोघं लेकीकडे श्टुटगार्टला निघतोय, ८५ दिवसांसाठी. नातू जंगलातल्या बालवाडीत जातो. तिकडे अशा बालवाड्या असतात, मुलं दिवसभर झाडीतच. त्याला आणा-सोडायचं काम यांच्याकडे येणार. लेक म्हणते, गोचिडीची लस घ्या. पुण्यात कुठे मिळेल? आमच्या डॉक्टरांकडे नाही.

ए-७०२ : वहिनी, गोचीड चावल्यावर बघू की! कुत्रा चावल्यावर घेतो तशी तिथेच घ्यायची. आधीपासून कशाला टोचून घ्यायचं?

बी-२०४ : काका, इथे तसं चालत नाही. मी लसीकरण विभागात नोकरी केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. रेबीजचा विषाणू नसांमधून हळूहळू मेंदूकडे जातो, त्यामुळे चावल्यानंतर लस द्यायला वेळ मिळतो. गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वरात, म्हणजे टीबीईमध्ये, तो वेळ मिळत नाही. विषाणू गोचिडीच्या लाळेतच असतो, चावल्यावर काही मिनिटांत शरीरात शिरतो. नंतर लस घेऊन उपयोग नाही आणि हा विषाणू मारणारं औषधही नाही. आधी फ्लूसारखा ताप येतो, उतरतो, बरं वाटतं, आणि काही जणांना आठवड्याभरात दुसरा ताप येतो तो मेंदूवर सूज घेऊन. वय जितकं जास्त तितका त्रास जास्त. वहिनी, तुम्ही ६४च्या, भाऊ ६९चे. लेक बरोबर सांगते आहे, तिचं ऐका.

सी-५०३ : अगं बाई. पण मग लस मिळणार कुठे?

बी-२०४ : इथे शोधण्यात वेळ घालवू नका. आपल्याकडे हा आजार नाही, त्यामुळे ही लस सहसा ठेवत नाहीत. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे, ते बाडेन-व्युर्टेम्बर्ग जवळजवळ सगळंच जोखमीच्या भागात मोडतं. तिथल्या साध्या फॅमिली डॉक्टरांकडेही ही लस मिळते. फक्त लेकीला आजच अपॉइंटमेंट घ्यायला सांगा. आपण पाहुणे, त्यामुळे पैसे आपल्या खिशातून जातील. प्रवासाच्या विम्यात लस बहुतेक धरत नाहीत.

आता तारखा. नेहमीच्या वेळापत्रकात दुसरा डोस १ ते ३ महिन्यांनी असतो. तुम्ही तर गोचिडीच्या ऐन मोसमात पोचताय, म्हणून लवकरचं वेळापत्रक मागा. तिथे एफएसएमई-इम्यून नावाची लस आहे, तिचा दुसरा डोस १४ दिवसांनी चालतो. पोचल्यावर दोन दिवसांनी, २२ एप्रिलला पहिला घेतलात तर ६ मेला दुसरा. त्यानंतर संरक्षण तयार व्हायला आणखी दोनेक आठवडे धरा. म्हणजे जवळपास सगळा मे महिना भाऊंनी गवतात, झुडपांत शिरायचं नाही. बालवाडीच्या फाटकापर्यंत पायवाटेनेच जायचं, पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचून.

एन्सेपूर नावाची दुसरी लस मिळाली तर तिची तऱ्हा वेगळी : ०, ७ आणि २१व्या दिवशी. पहिली सुई ज्या कंपनीची, तिचंच वेळापत्रक शेवटपर्यंत धरायचं.

ए-७०२ : म्हणजे दोन सुया झाल्या की सुटलो?

बी-२०४ : नाही ना काका, लोक नेमके इथेच सोडतात. दोन डोसांवर त्या एका उन्हाळ्यापुरतं चांगलं संरक्षण मिळतं. ते टिकवतो तो तिसरा डोस. एफएसएमई-इम्यूनमध्ये तो दुसऱ्यानंतर ५ ते १२ महिन्यांत. वहिनींच्या हिशेबाने ६ ऑक्टोबर ते पुढच्या वर्षीचा ६ मे. इथे परतल्यावर तो मिळणार नाही, म्हणून पुढच्या वर्षीचं तिकीट काढतानाच हे बघा. मे-अखेरचं काढलंत तर मुदत टळेल, एप्रिलच्या शेवटी गेलात तर नीट बसेल. त्यानंतर पहिला बूस्टर ३ वर्षांनी, आणि साठीच्या पुढे असाल तर नंतरही दर ३ वर्षांनी. तरुणांना नंतरचे ५ वर्षांनी चालतात. लेक-जावयाच्या तारखा वेगळ्या पडतील, त्यांच्या कार्डावर बघून आपलं ठरवू नका.

सी-५०३ : आणि पुढच्या वर्षी जाणं जमलंच नाही तर? पहिल्यापासून सगळं?

बी-२०४ : नाही. घेतलेला डोस वाया जात नाही. उशीर झाला तरी जिथे थांबलात तिथूनच पुढे. दोन वर्षांनी गेलात तर पोचल्या पोचल्या तिसरा घ्यायचा. मधल्या काळात संरक्षण उतरलेलं असू शकतं, म्हणून उशीर नको, एवढंच. "आता चुकलंच, जाऊ दे" असं म्हणून माणसं सोडून देतात, त्याने मला फार वाईट वाटतं. उशिरा आलेल्या माणसाला कुठलीही चांगली नर्स परत पाठवत नाही.

डी-१०१ : सिस्टर, हा आपल्या माकडतापासारखाच ना? माझं आजोळ दोडामार्गचं. २०१६ला तिकडे साथ आली तेव्हा काजूच्या बागेत जायला माणसं घाबरत होती. रानात माकड मेलेलं दिसलं की आधी आरोग्य केंद्राला कळवायचे.

बी-२०४ : अगदी त्याच कुळातला, तोही गोचिडीतूनच येतो. १९५७मध्ये शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली, तेव्हा आपल्या पुण्याच्या संस्थेनेच तो विषाणू शोधला. तेव्हा तिचं नाव व्हायरस रिसर्च सेंटर होतं, आजची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था. पाषाणला सूस रोडवर तिची मोठी प्रयोगशाळा आहे, आपण रोज तिच्यावरून जातो.

माकडतापाची लस कर्नाटकात बरीच वर्षं दिली गेली. महिन्याच्या अंतराने २ डोस, ६ ते ९ महिन्यांनी बूस्टर, मग ५ वर्षं दरवर्षी एक. २००५ ते २०१० या काळातली आकडेवारी तपासली, तेव्हा दोन डोस घेतलेल्यांना सुमारे ६२ टक्के आणि बूस्टरही घेतलेल्यांना सुमारे ८३ टक्के संरक्षण दिसलं. सुई दुखायची, शेतावरचा रोज बुडायचा, त्यामुळे बूस्टरला माणसं येत नसत. मी त्यांना दोष देणार नाही. ज्याला मजुरी सोडून यावं लागतं, त्याच्या बांधावर लस न्यायला हवी. पुढे त्या लसीचीच ताकद कमी पडते असं दिसलं आणि २०२२नंतर ती बंद झाली. नव्या लसीवर आयसीएमआरचं, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं, काम चालू आहे. तोवर तिकडे अंगाला गोचिडी दूर ठेवणारं डेपा तेल, पूर्ण कपडे आणि घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ. डिसेंबर ते मे आजोळी जाणार असाल तर हे पाळाच.

सी-१०२ : माझं जपानी मेंदूज्वराचं इंजेक्शन झालंय. ते चालेल का तिकडे?

बी-२०४ : नाही. तो डासांचा, हा गोचिडीचा. एकाची लस दुसऱ्याला चालत नाही.

ए-७०२ : आणि मग ते लाइम का काय म्हणतात, ते?

बी-२०४ : तो जिवाणूचा आजार, तिकडे तोही आहे. त्यावर माणसांसाठी लस अजून बाजारात नाही, पण अँटिबायोटिक्सनी बरा होतो. त्याचा जंतू गोचिडीच्या पोटात असतो, अंगात यायला बहुधा एक दिवसाहून जास्त लागतो. म्हणून रोज संध्याकाळी अंग तपासायचं : काखा, जांघा, गुडघ्याच्या मागे, नातवाच्या केसांत, कानामागे. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला लागून धरायची आणि सरळ वर ओढायची. तेल, रॉकेल, काडी लावणं काही करू नका. नंतर त्या जागी लाल वर्तुळ पसरत गेलं तर डॉक्टरकडे. आणि वहिनी, शेतावरचं कच्चं दूध, त्यातून शेळीचं, पिऊ नका. टीबीई त्यातूनही होतो.

सी-५०३ : हे तिथे शेळीच्या चीजवर ताव मारतात! सांगते. लेकीला तारखा पाठवल्या, २२ एप्रिलची सकाळची वेळ मिळाली.

बी-२०४ : छान. तिथे पिवळं लसीकरण-पुस्तक देतात, त्यावर लसीचं नाव, बॅच नंबर, तारीख आणि शिक्का बघूनच बाहेर पडा. इथे आल्यावर त्याचा फोटो मुलीला, मुलाला आणि हवा तर मलाही. नातवाचं कार्ड आपण कपाटात जपून ठेवतो, आजोबांचं कार्ड कुणाकडेच नसतं. साठी झालेल्या प्रत्येकाने घरात एक वही करा ना : धनुर्वात कधी, न्यूमोनियाची कधी, नागिणीची पहिली झाली असेल तर दुसरी २ ते ६ महिन्यांत, त्याची तारीख. मी भरून द्यायला येईन, रविवारी क्लबहाऊसमध्ये ११ला बसते.

ए-३०४ : सिस्टर, यातलंच एक विचारते. बाबांना आपल्या गेटबाहेर कुत्रा चावला होता. ०, ३, ७ आणि १४व्या दिवसाच्या सुया झाल्या. २८वा दिवस गुरुवारी येतोय. जखम भरली आहे, ते नको म्हणतात.

बी-२०४ : ताई, अजिबात सोडू नका. दंडाच्या स्नायूत देतात त्या पद्धतीत पाचवा डोस २८व्या दिवशीच असतो, जखम भरली याचा त्याच्याशी संबंध नाही. केसपेपर सोबत घ्या. मी गुरुवारी मोकळी आहे, बाबांना मनपाच्या दवाखान्यात मीच घेऊन जाते. साडेनऊला खाली उभी राहीन.

ए-३०४ : बाबा तुमच्यासोबत यायला तयार आहेत. केसपेपर काढून ठेवला.